परदेशातल्या उन्हाळ्याचा पैसा : कापूस, कर्ज, करार आणि गहू



दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे तिसऱ्या वर्षाची आणि एम.टेक.ची काही मुले-मुली माझ्या टेबलाभोवती घोटाळू लागतात. कुणाला जर्मनीतल्या प्राध्यापकाला ईमेल लिहायची असते, कुणाला शिफारसपत्र हवे असते. दहा-बारा आठवडे परदेशातल्या प्रयोगशाळेत काम करायचे आणि कॉलेज उघडायच्या सुमारास परतायचे, एवढीच इच्छा. ‘सर, माझी निवड होईल का?’ हे सगळेच विचारतात. ‘हा पैसा कोणाचा आहे?’ हे मात्र फारसे कुणी विचारत नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थिनीची अशीच निवड झाली होती. मासिक विद्यावेतन मंजूर झाले, तिकडच्या प्राध्यापकांनी कामाचा विषयही कळवला. विमानाचे भाडे मात्र तिकडे पोहोचल्यानंतर मिळणार होते. तिकिटाचे पैसे आधी घालायचे आणि व्हिसासाठी बँकेत शिल्लक दाखवायची, हे दोन्ही तिच्या घरच्यांना जमण्यासारखे नव्हते. तेव्हा मी ज्या संस्थेत होतो तिथल्या कार्यालयात विचारले. ‘असा हेडच नाही’ असे उत्तर आले. ती गेली नाही. शिष्यवृत्ती नव्हती असे नाही, ती हातात पडण्याची वेळ चुकली. मी इतिहासाचा माणूस नाही, इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. पण त्या प्रकरणानंतर परदेशी शिक्षणाच्या पैशाचा इतिहास जमेल तसा वाचत गेलो. त्यातले काही या टिपणात तुमच्यापुढे ठेवतो.

सुरुवात मुंबईच्या कापसापासून करू. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडच्या राज्यांचा कापूस इंग्लंडला पोहोचेनासा झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी मुंबईकडे मोर्चा वळवला. चार वर्षे मुंबईत अक्षरशः पैशाचा पाऊस पडला. त्या सुकाळात, १८६४ च्या सुमारास, रुस्तमजी जमशेटजी जीजीभाई यांनी दीड लाख रुपये देऊ केले. पाच भारतीयांनी विलायतेला जाऊन बॅरिस्टर व्हावे, ही त्यांची योजना होती. मुंबईचे फिरोजशहा मेहता आणि कलकत्त्याचे व्योमेशचंद्र बॅनर्जी या योजनेतून गेले. बॅनर्जी पुढे १८८५ मध्ये काँग्रेसच्या पहिल्या अधिवेशनाचे अध्यक्ष झाले. १८६५ मध्ये मात्र युद्ध संपले, कापसाचा भाव कोसळला, मुंबईतल्या पेढ्या आणि कंपन्या एकामागून एक बुडाल्या. रुस्तमजींचीही परिस्थिती बदलली आणि मेहतांना लंडनमध्ये असतानाच तो आधार तुटला. ते १८६८ मध्ये बॅरिस्टर झाले खरे, पण शिष्यवृत्तीच्या भरवशावर नव्हे.

याच लाटेत श्रीमंत झालेले दुसरे नाव प्रेमचंद रायचंद यांचे. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर त्यांच्या आईच्या नावाचा, हे तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. त्यांनी कलकत्ता विद्यापीठालाही दोन लाख रुपये दिले होते, हे मात्र मुंबईतसुद्धा कमी लोकांना माहीत असते. मंदीत प्रेमचंदही धुळीला मिळाले, पण त्यांनी दिलेली रक्कम तोवर विद्यापीठाच्या हाती गेलेली होती. तिच्या व्याजावर प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती सुरू झाली आणि ती पुढच्या शतकातही चालू राहिली. रुस्तमजींचे दान दात्याच्या तिजोरीला बांधलेले होते. प्रेमचंदांचे दान सुटे झालेले होते. माझ्या मते हा फरक दात्याच्या मोठेपणाइतकाच महत्त्वाचा आहे. विजेच्या भाषेत सांगायचे तर एक दिवा थेट मेनवर होता आणि दुसऱ्याच्या मागे बॅटरी होती. मेन गेल्यावर काय झाले ते आपण पाहिलेच.

त्या बॅटरीवर १९१९ मध्ये कोण चालले? मेघनाद साहा. ढाक्याजवळच्या खेड्यातल्या गरीब दुकानदाराचा हा मुलगा. १९०५ च्या वंगभंगाच्या आंदोलनात गव्हर्नरच्या भेटीवर बहिष्कार घातल्याबद्दल शाळेने त्याची फीमाफी आणि शिष्यवृत्ती काढून घेतली होती. ताऱ्यांच्या वर्णपटांवरच्या प्रबंधासाठी साहांना प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती मिळाली. तिला गुरुप्रसन्न घोष यांच्या नावाच्या शिष्यवृत्तीची जोड मिळाली आणि ते १९२० मध्ये युरोपला गेले.

इथे थोडे थांबू, कारण परदेशी जाऊन नेमके काय मिळते हे साहांच्या उदाहरणात फार स्वच्छ दिसते. सूर्याच्या वातावरणातल्या आयनीभवनावरचा त्यांचा मूळ सिद्धान्त कलकत्त्यातच तयार झाला होता आणि तो निबंध १९२० मध्ये प्रसिद्धही झाला. बुद्धी आणायला लंडनला जाण्याची गरज नव्हती. लंडनमध्ये इंपीरियल कॉलेजात आल्फ्रेड फाउलर यांची प्रयोगशाळा होती आणि ताऱ्यांच्या वर्णपटांची जी माहिती फाउलर यांच्याजवळ होती, ती कलकत्त्यात बसून मिळण्यासारखी नव्हती. तिथे काही महिने बसून साहांनी आपले काम ताऱ्यांच्या वर्णपटांना लावून पुन्हा लिहिले. ते १९२१ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आले. पुढे ते बर्लिनला नर्न्स्ट यांच्या प्रयोगशाळेत गेले, कारण सिद्धान्ताच्या पडताळणीसाठी लागणारी उच्च तापमानाची साधने तिथे होती. म्हणजे मिसिसिपीच्या काठचा कापूस अडला, मुंबईच्या व्यापाऱ्याने पैसा केला, तो कलकत्त्यात व्याजी लागला आणि पन्नासएक वर्षांनी ढाक्याच्या मुलाला ताऱ्यांची माहिती मिळाली. अर्जात ‘मला परदेशी का जायचे आहे’ हा परिच्छेद लिहिताना साहांची आठवण ठेवा. ‘जागतिक दर्जाचा अनुभव’ वगैरे लिहू नका. जे इथे नाही आणि तिथे आहे, ते यंत्र, तो विदा किंवा तो माणूस यांचे नाव लिहा.

आता कर्जाकडे वळू. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेला वैद्यक शिकायला निघाल्या तेव्हा त्यांच्यामागे कोणतीही संस्था नव्हती. दागिने मोडून, लोकांच्या वर्गणीतून आणि थिओडिशिया कार्पेंटर या अमेरिकन बाईंच्या आश्रयाने ते शिक्षण पार पडले. अशा माणसांच्या पाठीशी कायमची सोय उभी करण्याचे काम जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये केले. त्यांच्या निधीच्या पहिल्या लाभार्थींमध्ये फ्रेनी कामा आणि कृष्णाबाई केळवकर या दोन डॉक्टर स्त्रिया होत्या. कृष्णाबाई कोल्हापूरच्या. निधी आरंभी पारशी समाजापुरता होता, पण लवकरच तो सगळ्या भारतीयांसाठी खुला झाला.

टाटांनी दिले ते दान नव्हे, कर्ज. शिकून या, कमवायला लागा, फेडा, म्हणजे ती रक्कम पुढच्याला देता येईल. याला आपण फीडबॅक म्हणतो. हा निधी आजही चालू आहे. मेकॅनिकल, सिव्हिल, कॉम्प्युटर, सगळ्या शाखांची मुले त्यावर जातात, आणि १९५७ मध्ये जयंत नारळीकर केंब्रिजला गेले ते टाटा स्कॉलर म्हणूनच. तरी कर्जाला एक काळी बाजू आहेच. ज्याच्या घरात आधीच कर्ज आहे तो नव्या कर्जाचा फॉर्म भरायलाच धजत नाही, त्यामुळे तो नाकारला गेल्याची नोंदही कुठे होत नाही. ओळखीतून मिळणारे कर्ज तर आणखी नशिबाचे. इरावती कर्वे १९२८ मध्ये बर्लिनला गेल्या त्या जीवराज मेहतांनी दिलेल्या कर्जाऊ रकमेवर. सासरे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचा जाण्याला विरोध होता, पती दिनकर कर्वे मात्र पाठीशी होते. दोन वर्षांत डॉक्टरेट घेऊन त्या परतल्या. ज्या मुलींना जीवराज मेहता भेटले नाहीत, त्यांची नावे अर्थातच आपल्याला माहीत नाहीत.

तिसरी तऱ्हा कराराची, आणि तिचे सर्वांत मोठे उदाहरण तुमच्या परिचयाचे आहे. १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी तरुण भीमराव आंबेडकरांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली. महिना साडेअकरा पाउंड. तीन वर्षांचा गुणाकार केला तर ४१४ पाउंड होतात. त्या बदल्यात करार होता : परतल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी. आंबेडकर १९१५ मध्ये एम.ए. झाले, पुढच्या प्रबंधाचे काम केले आणि १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला व ग्रेज इनला नाव घातले. तिथले काम अर्धे झाले असताना १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि बोलावणे आले. लंडनच्या विद्यापीठाने चार वर्षांच्या आत परत येऊन काम पुरे करण्याची सवलत दिली, तेवढाच दिलासा. वेगळ्या जहाजाने पाठवलेली त्यांची पुस्तके महायुद्धातल्या पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाली. आणि बडोद्यात करारातली नोकरी करायला गेलेल्या या विद्वानाला राहायला कुणी जागा देईना. पारशी धर्मशाळेतून त्यांना बाहेर काढले गेले. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे.

हे प्रकरण आपण सामाजिक अन्याय म्हणून वाचतो आणि ते तसेच आहे. पण शिष्यवृत्तीच्या इतिहासात ते आणखी एका अंगाने वाचता येते. संस्थानने शिकण्याचा खर्च केला, शिकलेल्या माणसाला उभे राहायला लागणारी जमीन मात्र संस्थानच्या राजधानीत तयार नव्हती. करार एका बाजूने लिहिलेला होता. चार वर्षांची मुदत उलटण्याआधी, १९२० मध्ये, आंबेडकर पुन्हा लंडनला गेले. सिडनहॅम कॉलेजातल्या प्राध्यापकीतून साठवलेले पैसे, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राने दिलेली रक्कम, अशी ती जुळवाजुळव होती. १९२१ मध्ये एम.एस्सी., १९२३ मध्ये डी.एस्सी. संशोधनाला लागणारा वेळ आणि पैशाची मुदत यांचे जुळत नाही, हे दुखणे तेव्हापासूनचे आहे. पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना याच माणसाने लिनलिथगोंकडून अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी तीन लाख रुपये मंजूर करून घेतले आणि त्यातून मुले परदेशी पाठवण्यावर भर दिला. १९५४-५५ पासून चालत आलेली भारत सरकारची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती याच धाग्यातली. तुमच्यापैकी कुणी तिला पात्र असेल तर तिचे नियम जरूर वाचा.

उन्हाळ्याचा मुद्दा अजून आलाच नाही. तो येतो १९३० च्या आसपास, केंब्रिजमधून. तिथले वर्ष जूनमध्ये संपते आणि मग लांब सुटी असते. पुंजयामिकी तेव्हा युरोपभर विखुरलेली होती : ग्योटिंगेनमध्ये बॉर्न, कोपनहेगनला बोर, झुरिकला पाउली, रोमला फर्मी. एका गावी बसून ती सगळी शिकताच येत नव्हती. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर ३१ जुलै १९३० रोजी मुंबईहून बोटीने निघाले तेव्हा एकोणीस वर्षांचे होते. सरकारी शिष्यवृत्ती होती, आणि प्रवासातच त्यांनी श्वेतबटू ताऱ्यांच्या वस्तुमानाचे ते प्रसिद्ध गणित मांडले. १९३१ चा उन्हाळा त्यांनी ग्योटिंगेनला बॉर्न यांच्या संस्थेत काढला आणि डिरॅक यांच्या सल्ल्यावरून पुढे कोपनहेगनला गेले. होमी भाभा तर मेकॅनिकल इंजिनिअरिंगला गेलेले. त्यात पहिला वर्ग मिळवलास तर गणित शिकू देईन, असे वडिलांनी कबूल केले होते. भाभांनी १९३० मध्ये तो मिळवला आणि १९३२ मध्ये गणितातही. मग त्यांना राउज बॉल ही प्रवासी शिष्यवृत्ती मिळाली, म्हणजे केंब्रिज सोडून हिंडण्यासाठीच दिलेला पैसा. त्यावर ते पाउली आणि फर्मी यांच्याकडे जाऊन आले. आज आपण ज्याला ‘समर इंटर्नशिप’ म्हणतो तिचे मूळ मला अशा सुट्यांमध्ये दिसते.

सत्येंद्रनाथ बोस यांना मात्र कोणतीच शिष्यवृत्ती नव्हती. ते ढाका विद्यापीठात शिकवत होते आणि परदेशी जाण्यासाठी रजेचा अर्ज त्यांनी केलेला होता. ४ जून १९२४ ला त्यांनी आपला निबंध आइनस्टाइन यांना पाठवला. आइनस्टाइन यांनी तो स्वतः जर्मनमध्ये भाषांतरित करून छापवला आणि जुलैमध्ये एक पोस्टकार्ड लिहिले. ते कार्ड बोस यांनी कुलगुरूंना दाखवले आणि अडलेली रजा सुटली! दोन वर्षांची भर वेतनासारखी रक्कम, मागे राहिलेल्या कुटुंबासाठी वेगळा भत्ता, जाण्यायेण्याचे भाडे. जर्मन वकिलातीने तेच कार्ड पाहून व्हिसा दिला, फीसुद्धा न घेता. कुटुंबाचा भत्ता या तपशिलाकडे लक्ष द्या. परदेशी जाणाऱ्याच्या मागे घर असते, हे शंभर वर्षांपूर्वीच्या ढाक्यातल्या विद्यापीठाला समजले होते. आजच्या किती योजनांना समजते? माझ्या विद्यार्थिनीच्या प्रकरणानंतर हा परिच्छेद मी अनेकदा वाचला.

दुसऱ्या महायुद्धानंतर पैशाचा उगम पुन्हा बदलला. अमेरिकेचे सैन्य जगभर होते, आपल्याकडे आसाम-बंगालातही. युद्ध संपल्यावर ट्रक, यंत्रे, तंबू, औषधे असा अफाट माल जिथल्या तिथे पडून राहिला. तो मायदेशी नेणे परवडत नव्हते आणि विकत घेणाऱ्या देशांकडे डॉलर नव्हते. सिनेटर फुलब्राइट यांनी तोडगा काढला : माल स्थानिक चलनात विका आणि ते चलन विद्यार्थी-प्राध्यापकांच्या देवाणघेवाणीवर खर्च करा. १ ऑगस्ट १९४६ ला तो कायदा झाला. भारताशी करार २ फेब्रुवारी १९५० ला झाला, पंडित नेहरू आणि अमेरिकेचे राजदूत लॉय हेंडरसन यांच्या सहीने. भंगाराच्या पैशातून फुलब्राइट, असे मी वर्गात म्हणतो तेव्हा मुले हसतात, पण ते तसेच आहे. २००८ पासून भारत सरकार यात बरोबरीचा वाटा उचलते आणि म्हणून नावात नेहरू आले.

मग गहू. १९५१ च्या टंचाईत अमेरिकेने भारताला १९ कोटी डॉलरचे धान्यकर्ज दिले आणि त्याच्या व्याजातले ५० लाख डॉलरपर्यंतचे पैसे पुस्तके, उपकरणे आणि शैक्षणिक देवाणघेवाणीसाठी वापरायचे ठरले. १९५६ पासून पीएल-४८० खाली गहू आला, तो आपण रुपयांत विकत घेतला. हे रुपये अमेरिकेच्या नावे भारतातच साठत गेले, कारण त्यांचे डॉलर करून नेता येत नव्हते. ढीग एवढा वाढला की दोन्ही सरकारांना त्याचे काय करावे कळेना. १९७४ मध्ये राजदूत मॉयनिहन यांनी त्यातले सुमारे १,६६४ कोटी रुपये एका धनादेशाने भारताला परत केले. उरलेल्यातून १९८० च्या दशकात संयुक्त शैक्षणिक-वैज्ञानिक निधी झाला आणि २००० साली स्थापन झालेल्या इंडो-यूएस सायन्स अँड टेक्नॉलॉजी फोरमच्या मूळ भांडवलातही हेच रुपये होते. याच फोरमने भारतीय विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात अमेरिकेतल्या प्रयोगशाळांत पाठवण्याचा जो कार्यक्रम राबवला, त्याचे नाव एस. एन. बोस स्कॉलर्स. आपल्या आजी-आजोबांनी रेशनच्या रांगेत उभे राहून जो लाल गहू आणला, त्याची किंमत नातवंडांच्या तिकिटात उतरली. हे उपकार मानायचे की आपलेच पैसे परत आले म्हणायचे, यावर माझे मत अजून पक्के झालेले नाही.

जर्मनीचीही अशीच गोष्ट आहे, थोडक्यात सांगतो. हम्बोल्ट प्रतिष्ठान १८६० मध्ये बर्लिनमध्ये जर्मन संशोधकांना परदेशी पाठवण्यासाठी निघाले. १९२३ च्या महागाईत त्याचे सगळे भांडवल मातीमोल झाले. १९२५ मध्ये ते पुन्हा उभे राहिले ते उलट कामासाठी, परदेशी विद्यार्थ्यांना जर्मनीत आणण्यासाठी. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा संपले, १९५३ मध्ये तिसऱ्यांदा सुरू झाले. डीएएडीचा जन्मही १९२५ चाच, हायडेलबर्गचा. तुम्ही ज्या ‘वाइज’ कार्यक्रमाचा फॉर्म भरता तो याच डीएएडीचा. बॅटरीचा दाखला मी मघाशी दिला, पण नाणेच मेले तर बॅटरीही वाचवत नाही, एवढी दुरुस्ती त्यात करून घ्या.

तेव्हा या वर्षी एखाद्या योजनेचे माहितीपत्रक हाती आले की विद्यावेतनाचा आकडा पाहून लगेच हुरळून जाऊ नका. पहिली रक्कम कोणत्या तारखेला आणि कोणत्या देशात हातात पडते ते शोधा. भाडे आगाऊ मिळते की पावती दाखवल्यावर, हे लिहिलेले नसेल तर ईमेल करून विचारा. विचारल्याने निवड जात नाही. काम पुरे व्हायच्या आत मुदत संपली तर पुढे काय, हेही विचारा. आणि भाड्यापुरते पैसे कमी पडत असतील तर लाजून गप्प बसण्याऐवजी विभागातल्या कुठल्याही शिक्षकाला वेळेवर, म्हणजे निवडीच्या पत्राच्या दुसऱ्याच दिवशी सांगा. ती विद्यार्थिनी माझ्याकडे आली तेव्हा प्रवासाला एकवीस दिवस उरले होते. आता आमच्या विभागात आम्ही काही शिक्षक आणि माजी विद्यार्थी मिळून एक छोटी रक्कम बाजूला ठेवतो. तिकिटापुरती उसनी देतो, तिकडून भाडे मिळाले की ती परत येते. आतापर्यंत चार मुले त्यावर गेली, तिघांचे पैसे परत आले आहेत, चौथा ऑगस्टमध्ये येतो आहे.